बहुमताची परीक्षा न देता गेलेले प्रधानमंडळ: मुंबई प्रांत, एप्रिल ते जुलै १९३७

१ एप्रिल १९३७ रोजी मुंबई प्रांतात सर धनजीशा कूपर यांचे चार जणांचे प्रधानमंडळ अधिकारावर आले आणि १९ जुलैला काँग्रेसच्या बाळासाहेब खेर यांच्या प्रधानमंडळाने (आजच्या भाषेत मंत्रिमंडळाने) त्याची जागा घेतली. या सुमारे ११० दिवसांत कूपर प्रधानमंडळ एकदाही निवडून आलेल्या सभागृहासमोर उभे राहिले नाही. अल्पमतातली सरकारे जगात पुष्कळ झाली, त्यातली काही चांगली चाललीही. ती टिकली किंवा पडली ती सभागृहात. इथे मात्र सभागृहच भरले नाही. तसे का झाले, कोणाच्या हातात काय होते आणि निर्णयाचे कोणते क्षण हुकले, याची ही मांडणी.

पार्श्वभूमी

१९३५ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांना स्वायत्तता दिली. कायद्याचा प्रांतिक भाग १ एप्रिल १९३७ पासून लागू व्हायचा होता. त्याआधी निवडणुका झाल्या. मुंबई प्रांतात त्या वेळी गुजरात, महाराष्ट्र, उत्तर कर्नाटक आणि मुंबई शहर एवढा मुलूख होता. सिंध वर्षभरापूर्वीच वेगळा निघाला होता. कनिष्ठ सभागृहात, म्हणजे विधानसभेत, १७५ जागा होत्या. त्यांची वाटणी अशी होती: सर्वसाधारण ११४, मुसलमान २९, स्त्रिया ६, व्यापार-उद्योग ७, मजूर ७, युरोपियन ३, भारतीय ख्रिस्ती ३, अँग्लो-इंडियन २, जमीनदार २, विद्यापीठ १, मागास मुलूख १. सर्वसाधारण जागांतल्या १५ अस्पृश्य गणलेल्या जातींसाठी आणि ७ मराठ्यांसाठी राखीव होत्या.

डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले होते. केशवराव जेधे यांच्यासारखे ब्राह्मणेतर चळवळीतले पुढारी त्याआधीच काँग्रेसमध्ये आले होते. त्यामुळे महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून काँग्रेसला पूर्वी न मिळालेली मते मिळाली. निकालात काँग्रेसच्या वाट्याला ८६ जागा आल्या. मोजणीप्रमाणे हा आकडा एकदोनने इकडेतिकडे होतो, पण अर्थ बदलत नाही. निम्म्याच्या उंबरठ्यावर पोचलेला हा सभागृहातला सर्वांत मोठा पक्ष होता. मुस्लिम लीगला वीसच्या आसपास जागा होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या, जेमतेम सहा महिन्यांपूर्वी स्थापन झालेल्या, स्वतंत्र मजूर पक्षाने १७ उमेदवार उभे करून त्यातले बहुतेक निवडून आणले. बाकी ब्राह्मणेतर पक्ष, लोकशाही स्वराज्य पक्ष, युरोपियन, व्यापारी संस्थांचे प्रतिनिधी आणि अपक्ष.

काँग्रेसने विधिमंडळ पक्षाचा नेता म्हणून खेरांना निवडले. मुंबईतले काँग्रेस पुढारी नरीमन यांचे नाव मागे पडल्यावरून पक्षात मोठा वाद पेटला आणि तो पुढे कित्येक महिने चालला. या प्रकरणाशी त्याचा थेट संबंध नाही. एवढे मात्र लक्षात ठेवावे लागते की ऐन वाटाघाटीच्या काळात खेरांना घरची आघाडीही सांभाळावी लागत होती.

पेच

कायद्याच्या ५२ व्या कलमाने गव्हर्नरावर सात ‘विशेष जबाबदाऱ्या’ टाकल्या होत्या. शांतता बिघडण्याचा गंभीर धोका टाळणे, अल्पसंख्याकांच्या न्याय्य हिताचे रक्षण, सनदी नोकरांचे हक्क, व्यापारी भेदभाव रोखणे, संस्थानिकांचे हक्क वगैरे. या बाबतीत प्रधानांचा सल्ला डावलून गव्हर्नराला स्वतःच्या निर्णयबुद्धीने वागता येत होते. शिवाय काही गोष्टी सर्वस्वी त्याच्या स्वेच्छाधिकारात होत्या. तिथे प्रधानांना विचारण्याचेही बंधन नव्हते.

मार्च १९३७ मध्ये दिल्लीला अखिल भारतीय काँग्रेस समितीने ठराव केला: ज्या प्रांतात बहुमत आहे तिथे अधिकारस्वीकाराला हरकत नाही, पण गव्हर्नर हस्तक्षेपाचे विशेष अधिकार वापरणार नाही आणि घटनात्मक कारभारात प्रधानांचा सल्ला डावलणार नाही, याबद्दल नेत्याची खात्री पटली पाहिजे आणि तसे त्याला जाहीरपणे सांगता आले पाहिजे. मार्चअखेरीस खेर मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांना भेटले. इतर प्रांतांतही काँग्रेस नेत्यांच्या अशाच भेटी झाल्या, आणि सगळीकडे उत्तर जवळजवळ एकाच साच्याचे आले. पार्लमेंटने कायद्याने टाकलेली जबाबदारी गव्हर्नर तोंडी आश्वासनाने झटकून टाकू शकत नाही, असे ते उत्तर होते. काँग्रेसने प्रधानमंडळ बनवायला नकार दिला.

१ एप्रिल चार दिवसांवर आला होता. त्या दिवशी जुनी कार्यकारी मंडळे संपणार होती. प्रांताचा कारभार पाहायला कोणीतरी हवे होते.

आकड्यांचा हिशेब

इथे थोडे थांबावे लागते, कारण मुंबईची स्थिती इतर प्रांतांपेक्षा वेगळी होती आणि ती बहुतेक लिखाणात निसटून जाते.

हंगामी प्रधानमंडळे सहा प्रांतांत आली: मद्रास, संयुक्त प्रांत, बिहार, ओरिसा, मध्यप्रांत-वऱ्हाड आणि मुंबई. पहिल्या पाचांत काँग्रेसला स्वतःच्या बळावर स्पष्ट बहुमत होते. मध्यप्रांताच्या राजधानीत, नागपूरला, ११२ च्या सभागृहात सत्तरच्या घरात काँग्रेसचे सभासद होते. तिथे ई. राघवेंद्र राव यांनी प्रधानमंडळ बनवले, तेव्हा ते सभागृहात टिकण्याचा प्रश्नच नव्हता. मुंबईत मात्र कागदावर काँग्रेस ८६ आणि बाकी सगळे मिळून ८९ होते. अध्यक्ष बिगरकाँग्रेसी झाला तरी ८८ विरुद्ध ८६, आणि समसमान मते पडली तर निर्णायक मत अध्यक्षाचे. म्हणजे कूपर यांच्यापुढे एक अरुंद वाट दिसत तरी होती.

ती वाट चालण्याजोगी का नव्हती, हे त्या ८९ मध्ये कोण होते ते पाहिले की कळते. आंबेडकरांचा पक्ष खोती (कोकणात कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या खोतांची पद्धत) नष्ट करायची, मजुरांच्या संपाच्या हक्कासाठी लढायचे आणि महार वतनातली, म्हणजे गावकीच्या वंशपरंपरागत कामातली, पिळवणूक थांबवायची, हा कार्यक्रम घेऊन निवडून आला होता. त्याच बाकांवर जमीनदारांच्या राखीव जागांतले दोन सभासद आणि युरोपियन व हिंदी व्यापारी संस्थांचे प्रतिनिधी बसणार होते. मुस्लिम लीग पक्ष म्हणून कूपर यांच्यामागे उभी राहिली नव्हती. शिवाय अपक्षांतले काही काँग्रेसच्याच बाजूचे होते. या सगळ्यांना ‘काँग्रेस नको’ एवढ्या एकाच गोष्टीवर एखाद्या मतदानापुरते एकत्र आणता आले असते. अर्थसंकल्पाच्या प्रत्येक मागणीवर, जमीन महसुलावर, अबकारीवर त्यांना धरून ठेवणे अशक्य होते. अल्पमतातल्या सरकारला अविश्वासाच्या ठरावाइतकाच धोका मागण्यांवरच्या मतदानात असतो. अविश्वासाचा ठराव एकदा येतो, मागण्या डझनावारी असतात.

गव्हर्नरासमोरचे पर्याय

ब्रेबर्न यांच्यापुढे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात चार रस्ते होते.

काँग्रेसला हवे ते आश्वासन देणे त्यांच्या एकट्याच्या हातात नव्हते. व्हाइसरॉय लिनलिथगो आणि लंडनमधले भारतमंत्री लॉर्ड झेटलंड यांनी सर्व गव्हर्नरांसाठी एकच भूमिका ठरवली होती. मुंबईने वेगळे उत्तर दिले असते तर मद्रास आणि लखनौची (म्हणजे संयुक्त प्रांताची) भिंत ढासळली असती.

दुसरा रस्ता ९३ व्या कलमाचा. घटनेप्रमाणे कारभार चालणे अशक्य झाले आहे असे जाहीर करून गव्हर्नर सगळी सत्ता स्वतःकडे घेऊ शकत होता. त्याला गव्हर्नर जनरलची संमती लागे, जाहीरनामा पार्लमेंटपुढे ठेवावा लागे आणि पार्लमेंटने मान्यता दिली नाही तर तो सहा महिन्यांत संपे. कायदेशीरदृष्ट्या हा सर्वांत स्वच्छ मार्ग होता. राजकीयदृष्ट्या तो सरकारला परवडणारा नव्हता. ज्या दिवशी प्रांतिक स्वायत्तता सुरू व्हायची त्याच दिवशी सहा प्रांतांत ती स्थगित करणे म्हणजे कायदा मोडीत काढण्याचे काँग्रेसचे काम सरकारनेच करून देणे झाले असते.

विधानसभा विसर्जित करून पुन्हा निवडणूक हा तिसरा. फेब्रुवारीतच मतदान झालेले. त्याच मतदारांनी कदाचित आणखी ठाम कौल दिला असता. हा पर्याय गंभीरपणे घेण्यासारखा नव्हता.

उरला चौथा: मिळतील त्या बिगरकाँग्रेसी सभासदांचे प्रधानमंडळ.

या चौथ्या पर्यायाला अडथळा होता तो गव्हर्नराला राजाकडून मिळालेल्या सूचनापत्राचा. त्यात म्हटले होते की सभागृहात स्थिर बहुमत राखू शकेल अशा व्यक्तीच्या सल्ल्याने प्रधान नेमण्याचा गव्हर्नराने होईल तेवढा प्रयत्न करावा. पण ही अट कायद्याच्या मजकुरात नव्हती. ५१ व्या कलमाप्रमाणे प्रधान गव्हर्नर निवडतो आणि त्याची मर्जी असेपर्यंत ते अधिकारावर राहतात, एवढेच होते. त्यावर ५३ व्या कलमाने पुढची पाचर मारली: गव्हर्नराने केलेली गोष्ट सूचनापत्राला धरून नाही, या कारणावरून तिच्या वैधतेला आव्हान देता येणार नाही. म्हणजे बहुमत नसलेले प्रधानमंडळ नेमणे हे सूचनापत्राच्या आशयाविरुद्ध असले तरी कोणत्याही न्यायालयात टिकणारे होते. घटनाशास्त्राचे नामांकित ब्रिटिश पंडित बेरिडेल कीथ यांनी या प्रधानमंडळांवर कडक टीका केली ती याच मुद्द्यावर: कायद्याचा शब्द पाळला, पण जबाबदार राज्यपद्धतीचा प्राण गेला.

पहिला निर्णय: कोणाला बोलवायचे

ब्रेबर्न यांनी धनजीशा कूपर यांची निवड केली. कूपर पारशी, साताऱ्याचे, ब्राह्मणेतर पक्षाचे पुढारी. सातारा रोडचा नांगर आणि इंजिने बनवणारा कारखाना त्यांचाच. जुन्या द्विदल राज्यपद्धतीच्या काळात (काही खाती मंत्र्यांकडे आणि काही गव्हर्नराच्या कार्यकारी मंडळाकडे असत तेव्हा) त्यांनी मुंबई सरकारात काम केले होते, त्यामुळे सचिवालयाची वाट त्यांना ठाऊक होती. त्यांच्यासोबत आले जमनादास मेहता, सिद्धप्पा कांबळी आणि हुसेनअली रहिमतुल्ला.

या नावांचा मेळ पाहण्यासारखा आहे. कांबळी कर्नाटकचे आणि आधी मंत्री राहिलेले, रहिमतुल्ला मुंबईचे मुसलमान, कूपर महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतरांचे. जमनादास मेहता मात्र वेगळ्या मुशीतले. बॅरिस्टर, रेल्वे कामगारांचे पुढारी, नुकतेच मुंबईचे महापौर राहिलेले आणि लोकशाही स्वराज्य पक्षाचे. त्यांच्याकडे अर्थखाते आले. ते आत आल्यामुळे हे केवळ सरकारधार्जिण्यांचे प्रधानमंडळ आहे असे सरसकट म्हणणे अवघड झाले. विरोधकांनी त्यांच्यावर सर्वांत जास्त आग ओकली तीही यामुळेच. जुन्या स्वराज्यवाद्याने हे पद स्वीकारावे हे अनेकांना खुपले. माझ्या मते त्यांची गणना प्रामाणिक होती. अधिकार नाकारून कायदा मोडत नाही, अधिकार वापरूनच तो उघडा पाडता येतो, ही लोकशाही स्वराज्य पक्षाची जुनी भूमिका होती. चार महिन्यांनी काँग्रेस त्याच भूमिकेच्या जवळ आली. पण जमनादासांना ती राबवायला सभागृह हवे होते आणि तेच त्यांना मिळाले नाही.

गुजरातेत काँग्रेसचा जोर एवढा होता की तिथून उचलून प्रधान करावा असा वजनदार बिगरकाँग्रेसी सभासद मिळणे कठीण होते. प्रांताच्या एका मोठ्या भागाचा प्रधानमंडळात प्रतिनिधीच नव्हता.

१ एप्रिलला काँग्रेसने नव्या घटनेच्या निषेधार्थ देशभर हरताळ पुकारला होता. त्याच दिवशी या चौघांनी कामाला सुरुवात केली.

दुसरा निर्णय: सभागृह बोलवायचे की नाही

सगळ्या प्रकरणाची गाठ इथे आहे.

कायद्याच्या ६२ व्या कलमाप्रमाणे पहिले अधिवेशन प्रांतिक स्वायत्तता सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत भरवावे लागणार होते. सभागृह बोलावणे गव्हर्नराच्या स्वेच्छाधिकारात होते. सहा महिन्यांची सवलत मुळात नवी यंत्रणा उभी करायला वेळ मिळावा म्हणून होती: मतदारसंघांच्या याद्या, निवडणूक अर्ज, कामकाजाचे नियम, शपथा. एप्रिल १९३७ मध्ये ती अल्पमतातल्या प्रधानमंडळांचे छप्पर झाली. बोलावले नाही तर अविश्वास नाही, अविश्वास नाही तर राजीनामा नाही. शेवटची तारीख सप्टेंबरअखेर.

याचा एक परिणाम फारसा ध्यानात येत नाही. सभासदाला जागेवर बसण्याआधी शपथ घ्यावी लागे, आणि शपथ सभागृह भरल्यावरच होई. म्हणजे फेब्रुवारीत निवडून आलेले १७५ सभासद जुलैपर्यंत नावापुरतेच सभासद होते. त्यांना प्रश्न विचारता येईना, ठराव मांडता येईना, अध्यक्षही निवडता येईना. काँग्रेसने ठिकठिकाणी अधिवेशन बोलावण्याची मागणी केली, पण तिच्यामागे कायदेशीर जोर नव्हता.

कूपर यांच्या हातात मात्र एक गोष्ट होती, जी त्यांनी केली नाही. स्वेच्छाधिकार गव्हर्नराचा असला तरी प्रधानांना सल्ला द्यायला कोणी अडवलेले नव्हते. पद स्वीकारतानाच त्यांनी ‘एप्रिलमध्ये अधिवेशन बोलवा, नाहीतर मी येत नाही’ अशी अट घातली असती तर ब्रेबर्न यांना ती नाकारणे जड गेले असते. त्यांच्याकडे दुसरा माणूस शोधायला दिवसच नव्हते.

प्रधानमंडळ काय करू शकत होते

प्रशासकीय हुकूम काढणे, नेमणुका, चालू योजनांची अंमलबजावणी, जमीन महसुलात तहकुबी किंवा सूट, जिल्हा लोकल बोर्ड आणि नगरपालिकांच्या कामाची देखरेख, एवढे सभागृहाशिवाय चालत होते. सभागृह बसलेले नसताना वटहुकूम काढता येत होता, पण अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत तो संपे, आणि त्याआधीही सभागृहाला तो नामंजूर करता येई. पुढे येणारे सभागृह विरोधकांचे असणार हे दिसत असताना वटहुकूम काढणे म्हणजे स्वतःच्या हाताने पराभवाचे निमित्त तयार ठेवणे होते.

नवा कायदा, नवा कर, खर्चाच्या नव्या बाबी, हे काही शक्य नव्हते. आर्थिक वर्षही १ एप्रिललाच सुरू झालेले. संक्रमणकाळाच्या तरतुदींवर खर्च चालू ठेवता येत होता, पण कधीतरी अंदाजपत्रक सभागृहापुढे नेऊन एकेक मागणी मंजूर करून घ्यावीच लागणार होती. जमनादास मेहतांसारख्या अर्थकारणाची जाण असलेल्या माणसाकडे खाते होते, पण त्यांच्या कल्पनांना मंजुरी देणारे कोणी नव्हते. सचिवालयातल्या अधिकाऱ्यांनाही हे ठाऊक होते. जे प्रधान सप्टेंबरनंतर दिसतील की नाही याचा भरवसा नाही, त्यांच्या मोठ्या धोरणाची फाइल कोणताही सचिव घाईने पुढे सरकवत नाही.

प्रधानांचा पगारही याच अडचणीत होता. तो सभागृहाने कायद्याने ठरवायचा, तोपर्यंत गव्हर्नराने. कूपर आणि सहकाऱ्यांचा पगार त्यामुळे गव्हर्नराच्या हुकमावर होता. पुढे खेरांच्या प्रधानमंडळाने महिना ५०० रुपये घेतले, काँग्रेसच्या कराची अधिवेशनातल्या १९३१ च्या ठरावाची मर्यादा पाळून. लोकांच्या नजरेत हा फरक मोठा ठरला.

कोंडी कशी फुटली

एप्रिल ते जून हा काळ प्रांतांपेक्षा दिल्ली, लंडन आणि वर्धा यांच्यातल्या पत्रकबाजीचा होता. गांधीजींनी सुचवले की आश्वासन देणे कायद्यात बसते की नाही हा प्रश्न लवादाकडे सोपवावा. सरकारने ते मानले नाही. झेटलंड यांनी एप्रिलमध्ये लॉर्डांच्या सभेत कडक भाषा वापरली, मग हळूहळू ती सैल केली. काँग्रेसनेही मागणी बारीक केली. गंभीर मतभेद झालाच तर प्रधानांनी राजीनामा देण्याऐवजी गव्हर्नराने त्यांना बडतर्फ करावे, म्हणजे जबाबदारी कोणाची ते लोकांना दिसेल, एवढ्यावर गोष्ट आली.

२१ जूनला लिनलिथगो यांनी सविस्तर निवेदन काढले. औपचारिक आश्वासन त्यात नव्हते. पण रोजच्या कारभारात गव्हर्नर ढवळाढवळ करणार नाहीत, विशेष जबाबदाऱ्यांचे क्षेत्र मर्यादित आहे आणि संघर्ष टाळण्यासाठी गव्हर्नर आपल्याकडून काही बाकी ठेवणार नाहीत, असे स्पष्ट शब्दांत होते. ७ जुलैला वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने अधिकारस्वीकाराला परवानगी दिली.

त्यानंतर हंगामी प्रधानमंडळांना राहण्याचे कारण उरले नाही. जुलैच्या मध्यात ती एकामागून एक गेली. नागपूरला डॉ. ना. भा. खरे आले, मुंबईत १९ जुलैला खेर. त्यांच्याबरोबर अण्णासाहेब लठ्ठे, कन्हैयालाल मुन्शी, मोरारजी देसाई, डॉ. गिल्डर, नुरी आणि ल. मा. पाटील होते. विधानसभा अखेर पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये भरली आणि गणेश वासुदेव मावळंकर अध्यक्ष झाले.

परिणाम

कूपर प्रधानमंडळाने प्रांताचा कारभार बंद पडू दिला नाही, ही त्याची खरी नोंद. पगार, वसुली, पोलीस, शाळा चालू राहिल्या. ९३ वे कलम लागले नाही. काँग्रेस आणि सरकार यांना बोलायला तीन महिने मिळाले, आणि त्यातून निघालेल्या समजुतीवर पुढची सव्वादोन वर्षे कारभार झाला. खेर प्रधानमंडळाने कूळकायदा, औद्योगिक तंट्यांचा कायदा, दारूबंदी अशी कामे हाती घेतली. ती करायला घटना टिकून असणे गरजेचे होते.

किंमत चौघांनी मोजली. पुढे विरोधी बाकांवर बसून त्यांनी केलेल्या मुद्देसूद टीकेलाही ‘तुम्ही कोणाच्या जोरावर प्रधान झाला होता’ हे उत्तर तयार असे. ब्राह्मणेतर पक्षाचे साताऱ्याकडचे बळ आधीच काँग्रेसकडे वळत होते. सरकारच्या सोयीसाठी बनवलेल्या प्रधानमंडळाचे नेतृत्व करून त्या पक्षाने आपली वेगळी ओळख राखण्याची संधी गमावली.

आंबेडकरांच्या पक्षाने बाहेर राहून जे साधले ते याच्या शेजारी ठेवून पाहावे. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधानसभेत मांडले. त्यांच्यावर सरकारी पाठिंब्याचा शिक्का या प्रकरणातून बसला नाही. त्यामुळे काँग्रेसच्या कूळधोरणावर ते डावीकडून टीका करू शकले आणि ती ऐकली गेली.

काय वेगळे करता आले असते

ब्रेबर्न यांनी प्रधानमंडळ नेमले ही चूक वाटत नाही. दिवस उरले नव्हते आणि उरलेले रस्ते वाईट होते. चूक होती ती त्यानंतरच्या निष्क्रियतेत. मेच्या मध्यापर्यंत अधिवेशन बोलावता आले असते. पहिल्या दिवशी शपथा, दुसऱ्या दिवशी अध्यक्षाची निवड. अध्यक्षाच्या निवडणुकीतच बहुमत कोणाकडे आहे ते कळते. त्यासाठी अविश्वासाचा ठरावही लागत नाही. काँग्रेसचा उमेदवार निवडून आला असता तर कूपर सन्मानाने बाजूला झाले असते, आणि सभागृहात बहुमत सिद्ध करूनही सत्ता नाकारण्याचे उत्तर मतदारांना देण्याची पाळी काँग्रेसवर आली असती. वाटाघाटी त्यामुळे रखडल्या नसत्या, उलट लवकर संपल्या असत्या असे मानायला जागा आहे.

प्रतिवाद असा की मुंबईत एकट्याने अधिवेशन बोलावले असते तर इतर पाच प्रांतांतही ते बोलवावे लागले असते, आणि तिथे पराभव निश्चित होता. हा मुद्दा खरा आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो की मुंबईतल्या मतदारांचे सभागृह मद्रास आणि लखनौच्या सोयीसाठी बंद ठेवले गेले. प्रांतिक स्वायत्तता म्हणून जे दिले त्यात हे बसत नाही.

कूपर यांनी आपल्या मुदतीला आणि कामाला जाहीर मर्यादा घालायला हवी होती. अमुक तारखेपर्यंत, चालू खर्च आणि निकडीचे प्रशासन एवढेच, नव्या नेमणुका नाहीत, आणि काँग्रेस तयार होताच राजीनामा. आजच्या भाषेत काळजीवाहू सरकार. तसे केले असते तर सत्तेला चिकटल्याचा आरोप चिकटला नसता. त्यांना कायमचे प्रधानमंडळ असल्यासारखे वागायचे होते तर मग उलट मार्ग होता: आंबेडकर, लीग आणि अपक्ष यांच्याशी एकेका विषयावर बाहेरून पाठिंब्याचा लेखी करार करायचा आणि सभागृहात जायचे. खोतीच्या प्रश्नावर एक ठोस विधेयक घेऊन गेले असते तर हरतानाही काहीतरी कमावले असते. त्यांनी दोन्ही केले नाही.

काँग्रेसच्या बाजूनेही ढिलाई होती. दिल्लीच्या ठरावातले आश्वासन नेमके कसे हवे, तोंडी की लेखी, प्रत्येक गव्हर्नराकडून की व्हाइसरॉयकडून, हे मार्चमध्ये स्पष्ट नव्हते. जूनमध्ये जेवढ्यावर समाधान मानले त्याचा बराच भाग खेरांना ब्रेबर्न यांच्याकडून पहिल्या भेटीतच मिळवता आला असता, जर त्यांना स्थानिक बोलणी करण्याची मोकळीक असती.

ऑक्टोबर-नोव्हेंबर १९३९

युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस प्रधानमंडळांनी राजीनामे दिले तेव्हा मुंबईत गव्हर्नर सर रॉजर लम्ली होते. पुन्हा तोच पेच: सर्वांत मोठा पक्ष बाहेर, आकड्यांत ८६ विरुद्ध ८९ चा तोच खेळ. या वेळी सभागृह दोन वर्षे चालून सगळ्यांची मते उघड झालेली होती आणि सहा महिन्यांची पहिल्या अधिवेशनाची पळवाटही नव्हती. अल्पमतातले प्रधानमंडळ नेमले असते तर ते काही आठवड्यांत अंदाजपत्रकावर पडले असते. आसामात बिगरकाँग्रेसी आघाडी सभागृहात उभी राहण्याची शक्यता होती, म्हणून तिथे सादुल्ला यांचे प्रधानमंडळ आले. मुंबईत लम्ली यांनी नोव्हेंबरच्या सुरुवातीला ९३ वे कलम लागू केले, आणि प्रांत १९४६ पर्यंत गव्हर्नराच्या राजवटीखाली राहिला.